पाट, विडा आणि पाकीट

मी एकाच वेळी दोन शाळांत शिकलो. एक ही, जिचा सुवर्णमहोत्सव आपण साजरा करतोय. दुसरी आमच्या घरच्या पडवीत आषाढापासून चवथीपर्यंत चालायची, ती गणपतीची शाळा. इथली घंटा झाली की मी धावत तिथे जायचो आणि कोपरापर्यंत चिकणमातीत हात घालून बसायचो. दुसऱ्या दिवशी गणिताच्या वहीवर मातीची बोटं उमटलेली असायची. बाई काही बोलत नसत. त्यांच्या घरचा पाटही आमच्याच पडवीत असायचा.

बाबांची रीत जुनी होती. माणसं आपापला पाट आणून द्यायची, पाटाखाली खडूने घराण्याचं नाव. मूर्ती न्यायला यायची तेव्हा विडा, नारळ आणि सुपारीखाली दुमडलेली नोट ठेवायची. बाबांनी कधी भाव सांगितला नाही, समोर नोट उलगडून पाहिली नाही. देवाचं काम, त्याचा भाव कसला करायचा, असं ते मनापासून मानत. त्यांच्या वडिलांच्या काळी ते निभत होतं, कारण माती गावातली आणि वर्षभर घरोघरचं भात-नारळ यायचं. माझ्या लहानपणी मात्र मातीची गाडी विकत आणावी लागे. रंग आणि सोनेरी पूड म्हापशाहून यायची, रात्री जागायला ठेवलेल्या दोन माणसांना रोख द्यावे लागत. विड्याखालची नोट मात्र होती तशीच राहिली.

एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बाबांनी माझा हात धरला आणि रंगाच्या दुकानासमोरून न जाता मागच्या गल्लीने वळसा घालून नेलं. उधारी थकली होती. पंचक्रोशीत ज्यांच्या आखणीचं नाव निघायचं, ज्यांनी डोळे आखले की मूर्ती जागी होते असं लोक म्हणायचे, तो माणूस त्या दिवशी तोंड चुकवत चालत होता. मी तेव्हा सातवीत होतो.

नववीत, १९८८ साली, गॅदरिंगच्या नाटकाचा मागचा पडदा रंगवायचं काम ड्रॉइंगच्या सरांनी मला दिलं. मांजरपाटाचे पट्टे शिवून घेतले, खळीत रंग कालवला आणि हॉलच्या जमिनीवर गुडघे टेकून आठ संध्याकाळी मी राजवाडा रंगवला. सोमवारी वर्गात सरांनी पाकीट दिलं. आत तीस रुपये. मी म्हटलं, "नको सर, शाळेचंच काम आहे."

सर म्हणाले, "घे. फुकट केलंस तर उद्या वाईट केलंस तरी तुला कोणी बोलणार नाही. चांगलं म्हणणाऱ्याचंही मग खरं मानू नकोस."

मग त्यांनी मला ऑफिसात नेऊन व्हाउचरवर सही करायला लावली. तीस रुपये कधीच संपले, पण सरांचं ते वाक्य मला अजून पुरतंय.

पुढे पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात गेलो. १९७२ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय. चित्रकार लक्ष्मण पै तिथे प्राचार्य होते, ते माझ्या आधी. चित्रकला की उपयोजित कला, असं विचारल्यावर मी पोटाचा विचार करून उपयोजित घेतली. तिथे काही मित्र पैशासाठी केलेल्या कामाला कमी लेखत. मला ते कधीच पटलं नाही. लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी मुंबईत किती वर्षं वर्तमानपत्रांची, नियतकालिकांची कामं वेळेत हातावेगळी केली, आणि त्याच हातांनी गोव्याची माणसं, घरं, चर्चची फेस्तं आपल्यापुढे कायमची उभी केली.

पण धोका नसतो असंही नाही, तो मी भोगलाय. दुकानांचे बोर्ड रंगवून माझं बरं चाललं होतं. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत ते काम संपलं. तेव्हा किनाऱ्यावरच्या एका दुकानदाराने ऑर्डर दिली: माड, होडी, सूर्यास्त. एकाच मापाचे, खाली सही नको. पैसे चोख. तीन मोसम मी तोच सूर्य बुडवला. एकाच वेळी दहा कॅनव्हास मांडून आधी सगळीकडे आभाळ, मग सगळीकडे पाणी, शेवटी माड. त्या पैशांतून बाबांची उधारी फिटली, हेही खरं.

त्या श्रावणात मी नेहमीप्रमाणे पडवीत आखणीला बसलो. ओळीने मूर्ती ठेवल्या होत्या, माझा कुंचला भराभर चालला होता. बाबांनी एक मूर्ती उचलली, बल्बकडे वळवली, थोडी तिरकी केली. "हा बघत नाही रे," म्हणाले. दुसरी उचलली. "हाही नाही." रागावले नाहीत. ओल्या फडक्याने बुबुळं पुसली आणि मूर्ती परत माझ्यापुढे ठेवल्या. एकेक डोळा मी पुन्हा आखला. पहाट झाली.

मी खूप विचार केला. पैशाने माझा हात बिघडला नव्हता. मी दुकानदाराला घाई विकली होती, आणि ती हातात मुरली होती. म्हणून सूर्यास्त सोडले, पैसे सोडले नाहीत. २००३ साली पडवीत दरफलक लावला, मूर्तीच्या उंचीप्रमाणे. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दोन घराण्यांनी पाट परत नेले. बाकीच्यांचं म्हणणं, "हे आधीच सांगितलं असतं तर आम्हालाही संकोच झाला नसता!" आखणीचा वेळ मात्र मी दरात धरत नाही. सर्वांत लहान मूर्तीच्या डोळ्यांनाही लागेल तितका वेळ लागतो. तीन घरचा विडा आजही बाबांसारखाच घेतो, न मोजता. ती घरं कोणती, हे त्यांनाही ठाऊक नाही. आता चिकणमातीच्या मूर्तींना मूर्तीमागे सरकारी अनुदान मिळतं, त्याचाही आधार होतो.

चवथीची कमाई वर्षभर पुरवून मी कावी करतो, म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यात कोरून काढायची तांबडी-पांढरी चित्रं. मोरजीला मोरजाईच्या देवळातल्या भिंती पाहिल्यापासून ती माझ्या मनात होती. शिंपल्यांचा चुना, वाळू, गूळ घालून आंबवायचं, कुटायचं. त्याच्या पांढऱ्या थरावर हुरमुंजीचा तांबडा थर, गुळगुळीत गोट्याने घोटायचा आणि ओला आहे तोवर टोकदार सळईने कोरायचं. खालचा पांढरा वर येतो. भिंत वाळायच्या आत हात पोचला नाही तर तो भाग गेला. पहिली सात वर्षं माझी कावीची एकही पाटी विकली गेली नाही. चवथीचे पैसे होते म्हणून मला कोणासाठी माड काढावे लागले नाहीत.

यंदा शाळेने नव्या सभागृहाच्या भिंतीवर कावी मागितली. माजी विद्यार्थी म्हणून फुकट करीन, असं समितीतल्या काहींनी धरलं होतं. मी लेखी अंदाज दिला. हे इथे लिहितोय, कारण कुजबुज झाल्याचं मला माहीत आहे आणि मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. अध्यक्षांनी कागद वाचला आणि मंजूर केला.

काम चौदा दिवस चाललं. नववीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत चुना कुटायला यायची. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "सर, याचे किती मिळतात?" मी आकडा सांगितला: बेचाळीस हजार. चुना, वाळू, परांची, गवंड्याची मजुरी जाऊन माझे अठरा. तिने ड्रॉइंगच्या वहीच्या मागच्या पानावर अठरा हजार लिहिलं, खाली रेघ ओढली आणि चौदाने भागायला बसली.