तुम्ही विचारलंत म्हणून: सडा म्हणजे स्टेप का?

पाऊस लागला की कुणीतरी सड्यावर जातं, फोटो काढतं आणि फोटोच्या मागोमाग मला प्रश्न येतो, "सर, आपला सडा म्हणजे स्टेपच ना?" नाही म्हटलं की लगेच दुसरा, "मग काय ते एका शब्दात सांगा ना!" मी एकतीस वर्षं गोव्यातल्या पेडणे तालुक्यात भूगोल शिकवला, त्यामुळे एका शब्दाची उधारी माझ्याकडे राहिली आहे असं लोकांना वाटतं. पुण्याच्या भाच्याला तर सडा म्हणजे अंगणात शिंपतात तो किंवा प्राजक्ताचा पडतो तो, एवढंच ठाऊक. आमचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. आता एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

स्टेप, प्रेअरी, पंपास, व्हेल्ड, डाउन्स. जोड्या लावा, पाच गुण. एकाच वस्तूची, समशीतोष्ण गवताळ प्रदेशाची, पाच खंडांतली पाच नावं, असं मी मुलांकडून घोकून घेतलं. ते अर्धंच खरं आहे. स्टेप हा रशियन शब्द, आणि ती जमीन युक्रेनपासून कझाकस्तानवरून मंगोलियापर्यंत पसरलेली. वर्षाला साधारण 25 ते 50 सेंटिमीटर पाऊस, हिवाळ्यात बर्फ. झाडाला पुरेल एवढं पाणीच नाही, म्हणून गवत. आमच्याकडे 300 सेंटिमीटरच्या आसपास पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यांचं वर्षभराचं पाणी आमच्याकडे जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडून जातं. सड्यावर झाड होत नाही ते जांभ्यामुळे. वर माती बोटभर, कुठे तीही नाही. पावसात तळी साचतात, दिवाळीनंतर सगळा तवा तापतो. म्हणजे गवत दोन्हीकडे, पण एकीकडे हवामानाने राखलेलं, दुसरीकडे दगडाने. सव्हाना म्हणाल तर ऋतू बरेचसे जुळतात, पण सव्हानात गवतात झाडं विखुरलेली असतात आणि पायाखाली माती असते.

हे सगळं बरोबर आहे. आजही मी यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण हेच सगळं मी एकदा भर ग्रामसभेत सांगितलं होतं.

सड्यावर एक प्रकल्प यायचा होता. कुठला ते लिहीत नाही. सडा रिकामा दिसला की गोव्यात तो कुणाला ना कुणाला हवाच असतो. वेर्ण्याच्या सड्यावर कारखाने आले, ताळगावच्या सड्यावर विद्यापीठ, मोपाच्या सड्यावर 2023 च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. आमचा यांतला नाही. एप्रिलचा रविवार होता, पंचायतीच्या हॉलमध्ये पंखे नुसते आवाज करत होते. साहेब छापील फॉर्म घेऊन बसलेले. जमिनीवर सध्या काय आहे, असा एक रकाना. माझाच एक जुना विद्यार्थी उठून म्हणाला, "गवताळ आहे, गुरं चरतात." साहेबांनी पेन थांबवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्ही भूगोलाचे. हा गवताळ प्रदेश धरायचा का?"

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. चारशे माणसांच्या गावात आपल्याला कुणीतरी शास्त्र विचारतंय. मी उभा राहिलो आणि वर जे लिहिलं ते सगळं सांगितलं. पर्जन्यमान, मृदा, अक्षवृत्त. शेवटी म्हणालो, "शास्त्रीयदृष्ट्या नाही."

"मग खडकाळ, पडीक?"

"खडकाळ, हो."

पडीकला मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी निळ्या बॉलपेनाने दोन्ही शब्द लिहिले, मध्ये स्वल्पविराम देऊन. तेवढ्यात मागून आमचा दूधवाला गवळी-धनगर उभा राहिला. "सर, मागीर म्हज्यो म्हशी कितें खातात?"

हॉल हसला. मीही हसलो. उत्तर दिलं नाही.

माझ्या एका शब्दाने जमीन गेली असं नव्हे. कागद वरून ठरूनच आलेले असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बायकोला मी हे अनेकदा सांगितलं. ती म्हणाली, "मग परत परत कित्याक सांगतात?" म्हणजे, कशाला सांगता.

खरी गंमत पुढे आहे. 1954 मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात कझाकस्तानची स्टेप 'अस्पर्श जमीन' म्हणून नांगरायला घेतली. पिढ्यान् पिढ्या जिथे कळप चरले ती जमीन अस्पर्श! पहिल्या काही वर्षांत गहू आला, साठच्या दशकात माती वाऱ्यावर उडाली. हा धडा मी नववीला तन्मयतेने शिकवायचो. म्हणजे स्टेपला स्टेप म्हणूनही तिचं पडीक व्हायचं टळलं नव्हतं. मग मी त्या दिवशी गवताळ म्हटलं असतं तर काय मोठं झालं असतं? हा युक्तिवाद मला आवडतो. फार आवडतो, म्हणूनच त्याचा संशय येतो.

आणि दगडावरच्या गवताला शब्द नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये 'कांपु रुपेस्त्र' म्हणतात, म्हणजे खडकावरचा माळ. लोहदगडाच्या पठारांना 'कांगा'. तिथेही वर दुर्मीळ फुलं आणि खाली खनिज, त्यामुळे तिथेही खाणवाले. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणून आमच्या डोंगरांवर लावला, हा शब्द मात्र तिकडेच ठेवला. मला तो निवृत्तीनंतर कळला. तेव्हा माहीत असता तर हॉलमध्ये बोललो असतो? कदाचित तोही उच्चार दाखवायलाच बोललो असतो.

मागच्या जुलैत शेजारच्या गावच्या सड्यावर पालथा पडून पाहिलं. 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांची जांभळी पसरण दुरून दिसते, पण दवबिंदूचं रोप डोळ्याजवळ आल्याशिवाय दिसत नाही. तांबूस केसांच्या टोकांवर चिकट थेंब, एका थेंबात माशी, अजून पाय हलवणारी. दगडात पोषण नाही म्हणून ही रोपं किडे खातात. शेजारी गुडघ्याएवढं गवत, त्याचं नाव मला येत नव्हतं.

ते दूधवाल्याला विचारलं. त्याने ते सांगितलं आणि न विचारता आणखी नऊ-दहा गवतांची नावं सांगितली: कुठलं म्हैस आधी खाते, कुठलं फुलोऱ्यावर आलं की सोडते. हॉलचा विषय मी काढला तर म्हणाला, "तें सोडात सर." नावं वहीत लिहून घेतली आहेत. त्यांतली चार पुस्तकात सापडली, बाकीची अजून शोधतो आहे.