मामाचं तणनाशक

मामाच्या तोंडात एकावर एक धरलेली तीन बोटं जायची बंद झाली, तेव्हाच त्याला डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. भाकरी दुधात कुस्करून खायला लागला, ठेचा सोडला, आणि आम्ही 'दाढ दुखत असेल' म्हणत बसलो. राज्यात गुटखाबंदी झाली २०१२ साली. मामाच्या खिशातली पुडी मात्र कधी चुकली नाही. शेवटी गालाच्या आतला तुकडा तपासायला दिला आणि कॅन्सर निघाला.

ऑपरेशन झालंय, आता शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहेत. त्यासाठी तो अंबडहून संभाजीनगरला माझ्याकडं राहायला आलाय. परवा जेवणानंतर म्हणाला, "तू जीवशास्त्र शिकवतीस ना? मोबाईलवर आलंय, व्हायरसनं कॅन्सर मारू ऱ्हायले म्हणे. कोरोनानं आपल्या गल्लीतली माणसं नेली, अन् तसलंच अंगात सोडायचं?"

मी त्याला सोयाबीन आठवायला सांगितलं. तणनाशक फवारलं की तण जळतं, सोयाबीन उभं राहतं. का? फवारा दोघांवर सारखाच पडतो, पण सोयाबीन ते औषध पचवून टाकतं, तणाला ते जमत नाही. इथंही तसंच. विषाणू शिरला की निरोगी पेशी प्रथिनं बनवायचं कामच थांबवते, म्हणजे विषाणूची वाढ खुंटते. नागिणीच्या कुळातल्या, ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूकडं ही टाळेबंदी मोडणारा एक जनुक असतो. शास्त्रज्ञांनी तोच काढून टाकला. आता निरोगी पेशीत त्याचं काही चालत नाही. कॅन्सरच्या पेशीत मात्र ही टाळेबंदी बऱ्याचदा आधीच बिघडलेली असते, म्हणून तिथं तो वाढतो आणि पेशी फोडतो. वर त्यात माणसाचा एक जनुक घातलाय, रोगप्रतिकारक पेशींना गाठीकडं बोलावून घेणारा. हे औषध अमेरिकेत २०१५ साली मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्याआधी २००५ सालीच चीननं डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी बदललेला अॅडेनोव्हायरस, म्हणजे सर्दी-पडसं आणणारा एक विषाणू, मंजूर केला होता.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते यातलं बटणांचं काम. बहुतेक कॅन्सरपेशींत टेलोमरेज नावाचं विकर जागं असतं, एरवीच्या बहुतेक पेशींत झोपलेलं. त्याच्या जनुकाचं बटण विषाणूच्या डीएनएला जोडलं, की तो तिथंच चालू होतो. यकृताच्या पेशींत एक खास सूक्ष्म आरएनए भरपूर असतो, म्हणजे जनुकांचे संदेश अडवणारा एक छोटा रेणू. त्याला ओळखू येईल अशी खूण विषाणूच्या संदेशात लिहून ठेवली, की यकृतात तो संदेशच तुकडे होऊन पडतो. डीएनए हवा तसा लिहून असली कुलपं बसवायची, हे माणसाला जमतंय!

अडचणीही मोठ्या आहेत. रक्तातून सोडला तर शरीर त्याला वाटेतच पकडतं, म्हणून बऱ्याचदा सुई थेट गाठीत टोचावी लागते. लांब पसरलेल्या गाठींचं काय, हा प्रश्न उरतोच.

"मग मला मिळंल का?"

मी खरं तेच सांगितलं, "नाही मामा. तुझं औषध म्हणजे हे शेकच. एकही चुकवायचा नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग न्यायला आलेल्या पंचविशीतल्या पोराला ट्यूबलाइटखाली उभं केलं. "तोंड उघड. बोटं घाल."

दोन गेली. तिसरं अडलं. मामानं पोराच्या शर्टाच्या खिशात हात घातला, पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. सोमवारी शेकाला जाताना पोरालाही दाखवायला न्यायचंय.