सहा माणसं, 0.92 नोकऱ्या

10 ऑक्टोबर 2009, शनिवार. तारीख पक्की लक्षात आहे कारण बरोब्बर पुढच्या शनिवारी लक्ष्मीपूजन होतं, आणि बायकोनं सांगून ठेवलेलं की इंडियन स्टोअरमधनं भाजणी नाही आणलीस तर घरी येऊ नको. मी तसाही घरी जातच नव्हतो.

मी तेव्हा अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका राज्य सरकारकडे कॉन्ट्रॅक्टवर होतो, डेटाबेसचं काम. फेब्रुवारीत ओबामांनी मंदीतनं सावरायला सरकारी पैसा ओतणाऱ्या रिकव्हरी अॅक्टवर सही केली, 787 अब्ज डॉलर्स, त्यालाच सगळे स्टिम्युलस म्हणायचे, आणि मला उचलून स्टिम्युलसच्या टीममध्ये टाकलं. आता गंमत बघा, मी एचवनबीवर, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या व्हिसावर, आणि माझं काम काय, तर या पैशातनं अमेरिकन लोकांच्या किती नोकऱ्या तयार झाल्या किंवा वाचल्या ते मोजायचं. बॉसला एकदा विचारलं, मला कुठल्या रकान्यात धरायचं? म्हणाली, तू ओव्हरहेड आहेस.

बाहेरच्यांना वाटतं वॉशिंग्टनहून पोतं येतं आणि राज्य ते वाटतं. तसं काही नसतं. आधी केंद्राचं खातं रक्कम नावावर टाकतं, मग राज्य खालच्या संस्थेशी करार करतं, मग काम होतं, बिलं येतात, आणि बिलं दाखवून पैसे ओढायचे. त्यामुळे 'एवढे मिळाले, एवढेच खर्च?' हा पेपरवाल्यांचा ठरलेला प्रश्न ऐकून डोकं फिरायचं. आणि राज्याला सगळ्यात मोठा आधार झाला तो मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, केंद्रानं त्यातला आपला हिस्सा वाढवला आणि बजेटला पडलेलं भगदाड थोडं बुजलं. त्या पैशाला हा नोकऱ्यांचा रिपोर्ट लागूच नव्हता! म्हणजे सगळ्यात मोठ्या रकमेवर कुणी नोकऱ्यांचा हिशोब विचारत नव्हतं आणि आम्ही 14 हजार डॉलर्सवाल्या गावाचा डन्स नंबर, म्हणजे केंद्राचे पैसे घेणाऱ्या संस्थेला तेव्हा लागणारा ओळख क्रमांक, शोधत रात्री जागवत होतो.

डन्स नंबर नऊ आकडी होता. सुरुवातीला शून्य असलं की एक्सेल ते गिळतं, आठ आकडे उरायचे आणि अख्खी फाइल परत यायची. काँग्रेशनल डिस्ट्रिक्टचंही तेच (आपल्या लोकसभा मतदारसंघासारखा तो, त्याला नंबर असतो), 01 चं 1 व्हायचं. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती शून्यं परत चिकटवणारी, आजवर लिहिलेल्या कोडमधला मला सगळ्यात जास्त अभिमान तिचाच आहे, हसू नका. त्याच मजल्यावर एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मचे चारजण होते, त्यांनी नऊ महिन्यांत एक डॅशबोर्ड बनवला ज्यात राज्याचा नकाशा हिरवा व्हायचा. बस.

फेडरल पोर्टलला रिपोर्ट भरायची ही पहिलीच वेळ, तिमाही संपली की दहा दिवसांत. त्या शनिवारी दुपारी वेदरायझेशनची शेवटची फाइल आली. गरिबांची घरं थंडीसाठी बंदिस्त करायचा हा प्रोग्रॅम, माळ्यावर थंडी अडवणारं सेल्युलोज भरायचं, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, ब्लोअर डोअर, म्हणजे दारात बसवायचा मोठा पंखा, लावून हवा कुठनं गळते ते बघायचं. देशभरात 5 अब्ज डॉलर्स त्याला. पण मजुरी किती द्यायची यावरच काम अडलेलं, कारण सरकारी पैशातल्या कामावर त्या भागातली चालू मजुरी द्यायला लावणारा डेव्हिस-बेकन कायदा लागू केला आणि या कामगारांचे दर कुणी कधी ठरवलेच नव्हते. ते ठरेपर्यंत सप्टेंबर उजाडला.

फाइल होती एका छोट्या काउंटीतल्या संस्थेची, नोकऱ्यांच्या रकान्यात लिहिलेलं 6. मी फोन लावला. पलीकडे एक वयस्क बाई, एकटीच ऑफिसात, शनिवारीसुद्धा. मला प्रत्येक वाक्यात 'हनी' म्हणायची.

फॉर्म्युला असा होता: स्टिम्युलसच्या पैशातनं झालेले एकूण तास भागिले फुल टाइम माणसाचे तास. एका तिमाहीचे 520. पण हे पहिल्यापासून बेरीज करत न्यायचं होतं, क्युम्युलेटिव्ह. त्यांचं अवॉर्ड, म्हणजे मंजूर झालेली रक्कम, एप्रिलपासूनची, म्हणजे दोन तिमाह्या, खाली 1040. माणसं लागली सप्टेंबरात, प्रत्येकी 160 तास, सहा जणांचे 960. 960 भागिले 1040.

म्हटलं, 0.92 येतंय.

ती म्हणाली, हनी, सहा आहेत. सोमवारी सकाळी सहाजण येतात, मी सहा कॉफ्या करते.

मी परत फॉर्म्युला सांगितला. तिनं परत कॉफ्या सांगितल्या. चिडली नव्हती, तिला खरंच वाटत होतं की माझी काहीतरी टायपो झालीय. शेवटी म्हणाली, तुम्हाला जे लागतं ते टाका. मी 0.92 टाकलं.

नियमानं बरोबरच होतं ते, आणि उलट बाजूचे नमुनेही आम्ही बघत होतो. एका शाळा डिस्ट्रिक्टनं सगळा स्टाफच 'वाचला' म्हणून लिहिलेला, पैसे आलेले त्यातल्या मूठभरांच्या पगाराएवढे. विचारलं, कुणाला काढणार होतात, लिस्ट द्या. म्हणे लिस्ट केलीच नाही, पैसे आले ना. आता याला काय बोलणार? नंतर पेपरात आलं की जॉर्जियातल्या एका संस्थेनं 508 जणांना 1.84 टक्के पगारवाढ दिली आणि 508 गुणिले 1.84 करून 935 नोकऱ्या वाचल्या म्हणून कळवलं. असल्यांपुढे आमची बाई सोनं होती, आणि काट मारली ती मी तिच्या आकड्याला.

अजून एक राहिलं. नोकऱ्यांचं वर्णन लिहायचा रकाना असायचा, बहुतेक लोक 'कामगार' लिहून मोकळे व्हायचे. तिनं सहा जणांची नावं लिहिलेली आणि प्रत्येकापुढे आधी काय करत होता ते. एक बावीस वर्षं ऑटो पार्टच्या कारखान्यात, तो बंद पडला. एकाचं पहिलंच काम. रिपोर्ट पब्लिक होणार, खाजगी माहिती चालत नाही, म्हणून मी ते सगळं उडवलं आणि 'वेदरायझेशन टेक्निशियन, इन्स्टॉलर' लिहिलं. रात्री साडेदहाला सबमिट.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन केला. अण्णा तहसीलमध्ये कारकून होते, रोहयोची मस्टरं तपासण्यात अर्धी नोकरी गेली त्यांची, पाझर तलाव, खडी फोडणं, सगळं. त्यांना सहा माणसांचं सांगितलं. म्हणाले, "अरे मनुष्यदिवस का नाही मोजत? 960 तास म्हंजे 120 दिवस झाले की. नोकरी कशाला म्हणायचं त्याला?" मी म्हटलं, अण्णा, इथं सगळ्यांना नोकरीच ऐकायचीय. ते म्हणाले, "मग अपूर्णांक होणारच," आणि भाजणी मिळाली का विचारलं. नव्हती मिळाली.

30 ऑक्टोबरला देशाचा आकडा जाहीर झाला, 6,40,329. आमचे 0.92 त्यातच. नोव्हेंबरात गाजलं ते वेगळंच, हे आकडे दाखवणाऱ्या सरकारी साइटवर अस्तित्वातच नसलेले काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट सापडले, टीव्हीवर आठवडाभर हसणं चाललेलं. रकाना हातानं भरायचा आणि पलीकडे चेकच नाही ठेवला, मग काय होणार. त्यात आमच्याही दोन ओळी होत्या, स्क्रिप्ट शून्य लावते, डिस्ट्रिक्ट खरा आहे का ते नाही बघत. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

18 डिसेंबरला फॉर्म्युलाच बदलला. क्युम्युलेटिव्ह गेलं, फक्त त्या तिमाहीचे तास, आणि 'तयार झाल्या की वाचल्या' हा वादही काढून टाकला. जानेवारीत बाईची फाइल आली, पाचजण पूर्ण तिमाही, एकजण मध्येच टेक्सासला गेलेला, त्याचे 200 तास. 2800 भागिले 520, 5.38. या वेळी गणित तिनं स्वतःच केलेलं, बरोबर होतं. वर्णनाच्या रकान्यात माझंच वाक्य उतरवलेलं, 'वेदरायझेशन टेक्निशियन, इन्स्टॉलर'.

मी फोन करणार होतो, पण करायला काही कारणच नव्हतं, फाइलमध्ये एकही चूक नव्हती.