यादीत एकच जागा

"पोरगं आज बसवायचंय. कागदं घेऊन सहाच्या आत ये." एवढं बोलून आमचा संघ चालवणाऱ्या आण्णांनी फोन ठेवला. मी पतसंस्थेच्या काउंटरवर होतो, समोर एक आजी पासबुक धरून उभ्या. 'बसवायचंय' म्हणजे सीनियर फुटबॉल संघाच्या यादीत नाव बसवायचंय. आमच्या तालमीत हा शब्द सगळे सरळ अर्थानेच वापरतात. मला मात्र तो ऐकला की मैदानाकडेचं बाकडंच दिसतं.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. इथले संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकली की बाहेरच्या माणसाला कुस्तीचा हौदा आठवेल; आम्हाला शाहू स्टेडियम आठवतं. केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, तिच्या सीनियर लीगमध्ये 16 संघ. पावसाळा सरला की खेळाडूंची नोंदणी, मग उन्हं तापेपर्यंत सामने. पेठेच्या सामन्याला पोलीस बंदोबस्त लागतो, यावरून काय ते समजा. संघात परगावची पोरं असतात, नायजेरियाचे गडी असतात, आणि यादीच्या तळाशी दोन-तीन नावं असतात ती आमच्या ज्युनिअरमधून वर गेलेल्या पोरांची. ती ज्युनिअरची पोरं घडवायचं काम माझं. प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलंय, पहाटे सहाला मैदानावर असतो, दहाला पतसंस्थेत.

ही गोष्ट 2023 च्या नोंदणीची. पोरगा सोळाच्या उंबरठ्यावर. त्याचं नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्याला बारक्या म्हणतो.

बारक्या मला शाळांच्या एका स्पर्धेत सापडला. तेव्हा पाचवीत होता. बघायला गेलो होतो त्याच संघातल्या दुसऱ्याच पोराला, थोराड, लांब किक मारणारा. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. बारक्या उजवीकडे कडेला, जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. पहिल्या हाफात त्याच्याकडे चेंडू आला असेल चारदा. पण प्रत्येक वेळी चेंडू पोहोचायच्या आधी त्यानं मान वळवून मागं बघितलं होतं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. चेंडू पायात आला तेव्हा कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं होतं. अकरा वर्षांच्या पोरांना चेंडूशिवाय दुसरं काही दिसत नसतं. पंधरा-पंधरा पोरं एका चेंडूभोवती गुळावरच्या माश्यांसारखी जमतात. ताकद येते, वेग येतो, उंची तर येतेच. मागं वळून बघायची खोड मात्र मला आजवर फार कमी पोरांना लावता आलीय. याला ती आपोआप होती.

त्याला कुणी निवडलं नव्हतं याचं कारण त्याच्या जन्मदाखल्यात होतं. 27 डिसेंबर 2007. वयोगट जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारी 2007 ला जन्मलेलं पोरगं आणि हा, दोघं एकाच गटात. त्या वयात वर्षभराचं अंतर म्हणजे चार बोटं उंची आणि दुप्पट दम. निवड चाचणीला माणसं मोठी पोरं उचलतात, मग त्याच पोरांना चांगला सराव मिळतो, मग ती खरोखर चांगली होतात, आणि निवडणाऱ्याला वाटतं, बघा माझी पारख! डिसेंबरवाले तोवर क्रिकेटला गेलेले असतात.

गंमत अशी की त्याच्या आधारकार्डावर तारीख होती 1 जानेवारी 2008. कुणीतरी अंदाजानं टाकलेली. पाच दिवसांचा फरक, पण त्या पाच दिवसांत तो गटातल्या सगळ्यात लहान पोराचा पुढच्या गटातला सगळ्यात थोरला होत होता. "सर, आधारच चालवा की," असं मला तीन जणांनी सुचवलं. मी जन्मदाखलाच लावला. यात माझा साधेपणा कमी, भीती जास्त. फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत एकदा तारीख गेली की ती पोराच्या मागं लागते, आणि वरच्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. वय चोरून चौदाखालच्या संघात घातलेली, गालावर वस्तरा फिरवलेली पोरं मी पाहिलीत. चौदाखाली ती वाघ असतात. अठराव्या वर्षी सगळे सारख्या उंचीचे झाले की त्यांना काहीच येत नसतं.

तर चार वर्षं बारक्या पहाटे यायचा. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं झालं की आम्ही कुठल्या तरी शाळेच्या पटांगणात पाच-पाच जणांचा खेळ मांडायचो. तेराव्या वर्षी त्याच्या टाचा दुखायला लागल्या. घरच्यांना वाटलं नाटकं करतोय. वाढीच्या वयात हाड पुढं पळतं आणि शीर मागं राहते, तिथं विश्रांतीशिवाय औषध नाही, हे मी त्याच्या आईला घरी जाऊन सांगितलं. दोन महिने त्याला नुसतं बसवून पासिंग करायला लावलं. महिन्यातून एकदा सगळ्या पोरांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचो, समोर म्हैस पिळून दिलेला फेसाचा पेला. हे आमचं आहारशास्त्र.

मग पंधरावं संपता संपता तो एका उन्हाळ्यात वाढला. आणि सगळ्यांना दिसायला लागला.

आण्णांना त्या दिवशी घाई का, हे मला दुपारी कळलं. पलीकडच्या पेठेची माणसं आदल्या रात्री बारक्याच्या घरी जाऊन आली होती. आमच्या सीनियरच्या यादीत एकच जागा उरली होती. त्या जागी बारक्याला खेळवायचं कुणाच्या मनात नव्हतं. मधल्या फळीत मानधन देऊन आणलेले तिघं होते आणि चौथा पेठेतल्याच वजनदार माणसाचा भाचा. पोरगं तिकडं जाऊ नये, एवढ्यासाठी त्याला अडवून ठेवायचं होतं.

आण्णांना मी वाईट म्हणणार नाही. या माणसानं स्वतःची गाडी विकून एका हंगामात संघ चालवलाय. त्यांचं गणित साधं आहे: स्टेडियमवर हजारो माणसं, हरलं तर पेठेत महिनाभर तोंड दाखवता येत नाही, अशा सामन्यात सोळा वर्षांचं पोरगं तीस वर्षांच्या बचावपटूसमोर कोण उतरवणार? पण मग त्या पोरानं खेळायचं कुठं? युरोपातले क्लब अशा पोराला ब संघात खेळवतात, नाहीतर उसना म्हणून खालच्या क्लबात धाडतात. आपल्याकडे आयएसएल या व्यावसायिक लीगमधल्या क्लबांच्या तरुण पोरांसाठी 2022 मध्ये गोव्यात डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. पेठेच्या पोराला यातलं काही नाही. एकदा सीनियरच्या यादीत गेलं की ज्युनिअरचे सामने बंद, कारण "दुखापत झाली तर?" शाळेच्या सामन्याला जायचं तर परवानगी. सरावात मोठ्यांच्या मागं चेंडू गोळा करायचे, सामन्याला ट्रॅकसूट घालून बसायचं. माझा एक गोलकीपर असाच वर गेला. दोन नंबरचा गोलकीपर म्हणजे तर काळ्या पाण्याची शिक्षा. तीन हंगाम बसला, चौथ्या हंगामात पाण्याच्या बाटल्यांची क्रेट तोच उचलायचा, आणि पाचव्यात दिसलाच नाही. त्याला वर पाठवताना मी पेढे वाटले होते.

चार वाजता मी बारक्याच्या घरी गेलो. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. रात्रपाळी करून झोपले होते, नुकतेच उठलेले. फ्रिजवर बुटांचा नवा खोका.

"कालची माणसं देऊन गेली," ते जरा ओशाळून म्हणाले. "आम्ही न्हाई म्हणत हुतो, सर."

मी खोका उघडला. नारिंगी बूट, चांगले महागाचे, आठ नंबर. बारक्याचा पाय सहा नंबरचा. त्यांनी त्याचा पायसुद्धा बघितला नव्हता.

"दादा, सही करायच्या आधी एक सांगतो," मी म्हणालो. "यंदा तो खेळणार नाही. इथंही नाही, तिथंही नाही. नुसता बसणार."

"पण पेपरात संघाच्या यादीत नाव तर येतंय न्हवं?"

यावर काय बोलणार? आयुष्यभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पोराचं नाव छापून आलेलं बघायचं होतं. मग ते म्हणाले, "अनिकेत जाधव बी आपल्या कोल्हापूरचाच की." 2017 पासून हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपलं पोरगं भारताकडून खेळलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, तिथून पुण्यातल्या एका क्लबच्या अकादमीत गेला. पेठेच्या बाकड्यावर बसून तो विश्वचषकाला गेला नाही. हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि बारक्याच्या आईला म्हणाले, "सरांना चहा ठेव." म्हणजे ठरलं होतं.

बारक्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. स्कूटरवर मागं बसल्यावर म्हणाला, "सर, मला दहा मिनटं तर देतील न्हवं?"

मी हॉर्न वाजवला. पुढं कुणी नव्हतं.

नोंदणीच्या जागी जत्रा होती. बाहेर दोन्ही पेठांची पोरं बाइकवर बसून, कोण कुणाकडं चाललंय यावर पैजा. आत टेबलावरचे गृहस्थ शांतपणे एकेक फॉर्म बघत होते. आमचा नंबर आला तेव्हा पावणेसहा झाले होते. फॉर्मवर बारक्यानं सही केली होती, शाळेच्या वहीवर लिहितात तसं पूर्ण नाव, प्रत्येक अक्षरावर रेघ. खाली वडिलांची सही.

गृहस्थांनी जन्मदाखला बघितला, आधार बघितलं, चष्मा वर केला. "दोन कागदांवर दोन तारखा?"

"आधारवर चुकलीय," मी म्हणालो.

"असंल. शाळेचा बोनाफाईड जोडा, लगेच घेतो. न्हाईतर सहानंतर मला काय करता येणार न्हाई."

बोनाफाईड माझ्या पिशवीत होता. निळ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये, वरून तिसरा कागद. ज्युनिअरच्या नोंदणीला लागला होता तेव्हापासून तिथंच. जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, मुख्याध्यापकांचा शिक्का. पिशवी खांद्याला होती, माझा हात पिशवीच्या बंदावर होता.

"शाळा सुटली असेल आता," मी म्हणालो.

शेजारी उभ्या असलेल्या आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "मुख्याध्यापकांना फोन लाव." मी लावला. कुणाला लावला ते विचारू नका. "उचलत नाहीत," म्हणालो. आण्णांनी तोंडातल्या तोंडात शिवी घातली, मला की आधारकार्डाला कळलं नाही. सहा वाजले. उरलेल्या जागेवर भलतंच कुणाचं तरी नाव गेलं. पलीकडच्या पेठेलाही आता त्याला घेता येणार नव्हतं, त्यामुळं आण्णांचा राग रात्रीपर्यंत निवला.

माझा नाही निवला, माझ्यावरचा. परत येताना बारक्या एक शब्द बोलला नाही. त्याच्या भल्यासाठी केलं म्हणू? सतरा वर्षांखालच्या माझ्या संघाचा तो कणा होता, त्याच्याशिवाय त्या वर्षी माझ्याकडे काही नव्हतं. मग त्यात माझा स्वार्थ किती आणि त्याचं हित किती? मी हे बऱ्याचदा मोजायला बसलोय, हिशेब जुळत नाही. फाउंड्रीच्या पगारावर वाढलेलं पोरगं, त्याच्या वडिलांची एक सही, आणि मी एका वाक्यात ती रद्द केली. फिफाच्या नियमांत बाराव्या वर्षापासून पोर घडवणाऱ्या क्लबला, ते पुढं व्यावसायिक झालं तर, भरपाईची तरतूद आहे. घडवणाऱ्यानं खोटं बोलल्याबद्दल पोराला काय द्यायचं, ते कुठं लिहिलेलं नाही.

महिनाभर तो पहाटे आला, पण माझ्याशी कामापुरतं बोलला. सामने मात्र सगळे खेळला. पूर्णवेळ. कधी मधल्या फळीत, कधी मुद्दाम बचावात ठेवला, दोनदा कॅप्टन. एका सामन्यात चुकीचा पास देऊन गोल खाल्ला, आणि पुढची वीस मिनटं तो चेंडूच मागत नव्हता. हाफटाइमला मी काही बोललो नाही, पाणी दिलं फक्त. दुसऱ्या हाफात पुन्हा मान वळायला लागली. सीनियरच्या बाकड्यावर त्याला ही चूक करायलाच मिळाली नसती, असं मी मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

मार्चमध्ये पुण्यातल्या एका निवासी अकादमीच्या निवड चाचणीचं कळलं. सराव संपल्यावर पोरांना सांगितलं, ज्यांना जायचंय त्यांनी जन्मदाखला, आधार आणि बोनाफाईड घेऊन या. सगळी गेली. बारक्या बुटांच्या नाड्या सोडत थांबला. जुनेच बूट, एका बाजूचा स्टड झिजून सपाट झालेला.

"दाखला आणि आधार आणतो," तो खाली बघतच म्हणाला. "आधारची तारीख बाबांनी दुरुस्त करून घेतलीय."

"बरं झालं."

"बोनाफाईड तुमच्या निळ्या फाईलमधनं काढा, सर. वरनं तिसरा हाय."

मी पिशवी उघडली.