आखाजीच्या दिवशीची मिटिंग

जून 2023. शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले होते. मुलीचं आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नव्हतं, म्हणून मी शाळेत गेले होते. गुरुजी पोषण आहाराचे तांदूळ मोजून द्यायला मागच्या खोलीत गेलेले. टेबलावर एक जाड रजिस्टर उघडं पडलं होतं: शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग, म्हणजे बैठकांची नोंदवही. सहज पान उलटलं, तर सदस्यांमध्ये सातव्या नंबरवर माझं नाव आणि पुढे सही. मी सही इंग्रजीत करते. इथली मराठीत होती, आणि माझ्याच नावातली वेलांटी चुकलेली.

त्याहून गंमत तारखेची. 22 एप्रिल. त्या दिवशी आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी माहेरी होते, निंबाला बांधलेल्या झोक्यावर. त्याच दिवशी रमजान ईदही आली होती, म्हणजे शाळेला सुटी. पण रजिस्टरात बारापैकी अकरा सदस्य हजर आणि पाच ठराव मंजूर. घरी सांगितलं तर सासूबाई आधी हसल्या. "आखाजीले कोन मिटिंग लेस व माय? गडी पत्ता खेयतंस, बाया झोका खेयतंस." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "जाऊ दे. गावमा राहनं शे आपले."

बोरी नदीच्या खोऱ्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. पट 71. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक हवेत. कागदावर तीन होतेही. त्यातले एक दोन वर्षांपासून 'कामगिरीवर' तालुक्याच्या ऑफिसात. राहिले दोन. त्यातले एक माहिती भरायला, मिटिंगला किंवा बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेले की चारही वर्ग एकाकडे. एका खोलीचं छत इतकं गळायचं की पावसाळ्यात तिथे फक्त बादल्या बसायच्या. दरवर्षी जूनमध्ये चार-पाच मुलं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये चढायची, पट घटायचा, आणि पट घटतो म्हणून कोणी काही करायचं नाही.

समितीबद्दल मला काही माहीत नव्हतं. कायदा वाचला तेव्हा कळलं की तिच्यात पाऊण हिस्सा पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. मुदत दोन वर्षांची. बारा सदस्यांत सहा बाया दाखवायच्या म्हणून 2021 मध्ये आमची नावं टाकली होती. मी एकेकीला विचारत गेले. एकीलाही पत्ता नाही. एक तर तीन वर्षांपासून सुरतेत, उधन्याला राहते, आणि इथे दर महिन्याला हजर! अध्यक्ष होते आप्पा. त्यांचा नातू त्याच व्हॅनने जातो. ज्याचं मूल शाळेत नाही तो पालक सदस्य राहूच शकत नाही, अध्यक्ष तर दूरच.

मी गुरुजींना सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "ताई, दर महिन्याला बैठक दाखवावी लागते. मी बोलावतो. कोण येतं सांगा? तुम्ही आला होता कधी?" मला बोलावलंच नव्हतं, हे मी म्हटलं. पण त्यांचं दुसरं म्हणणं खरं होतं. गॅदरिंगला मांडव भरतो, पालक सभेला सात माणसं.

मग गावातली सत्ता इथे काय करते तेही हळूहळू कळलं. एकतीस ते शंभर पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचं वर्षाला पंचवीस हजारांचं अनुदान येतं. त्याला मुख्याध्यापकांसोबत अध्यक्षाची सही लागते. पंचवीस हजार म्हणजे फार नव्हे. पण मार्च 2022 पासून जळगाव जिल्हा परिषदेवर प्रशासक होते, गटाचा सदस्यच नाही. ज्यांना पुढे उभं राहायचं होतं त्यांना मिरवायला शाळेच्या समितीइतकीही जागा पुरत होती.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. नमुना 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीन वर्षांची प्रोसिडिंग आणि खर्चाचे कागद मागितले. ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे एका निवृत्त तलाठी काकांनी बजावलं होतं. तीस दिवसांची मुदत. सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं. दोन रुपये पानाप्रमाणे 92 रुपये भरून 46 पानं घेतली. दोन वर्षं ओळीने 'रंगरंगोटी' होती. आमच्या भिंतींवर तो रंग शोधायला कोणी यावं, मी चहा पाजीन. मुलींच्या संडासाला मात्र आतून कडीसुद्धा नव्हती.

अर्ज टाकला हे गावात कळायला एक संध्याकाळ लागली. आमच्या यांना पारावर विचारलं गेलं, "वहिनी आता सरपंच होणार का?" दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. आप्पा स्वतः आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. "पोरी, तुला पद पाहिजे तर सांग ना, कागद कशाला फिरवते?" मी म्हटलं, "आप्पा, पद तर मला दोन वर्षांपासून आहे म्हणे." ते हसले. वाईट माणूस नाही. आमच्या लग्नात जेवणावळीला दिवसभर उभे होते.

भांडायचं असतं तर खोट्या सह्यांवर भांडता आलं असतं. मी तो रस्ता सोडला. गुरुजी अडकले असते, आणि शाळेत एकच उरला असता. मुदत संपली आहे, नवी समिती निवडा, एवढाच अर्ज 38 पालकांच्या सह्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला. सह्या निंदणीच्या वेळी कपाशीच्या सरीत बसून घेतल्या. बायांचं एकच म्हणणं: मिटिंग अकराला ठेवाल तर रोज बुडतो. म्हणून सभा शनिवारी मागितली. शनिवारी सकाळची शाळा असते. साडेसातला सभा, नऊला शेतात.

ऑगस्टातला शेवटचा शनिवार. त्या महिन्यात पाऊस असा नव्हताच, कपाशीची पानं दुपारी माना टाकायची. सभेला 52 पालक, त्यात 31 बाया. दारात मात्र गावातले दोन्ही गट, त्यातल्या अर्ध्यांची मुलं कॉलेजात. विस्तार अधिकारी म्हणाले, ज्यांचं मूल या शाळेत नाही त्यांनी बाहेर थांबा. कोणी हललं नाही. तेव्हा शेजारची जेठानी, म्हणजे नात्याने थोरली जाऊ, जी माझ्याशीसुद्धा डोक्यावरचा पदर सावरत बोलते, ती उठली आणि हजेरीपट घेऊन एकेकाला विचारत निघाली, "भाऊ, तुमनं पोऱ्यानं नाव काय शे?" दहा मिनिटांत व्हरांडा मोकळा.

इयत्तेप्रमाणे पालक निवडले, हात वर करून. अध्यक्षपदावर तासभर खेचाखेची. शेवटी भाड्याची पिकअप चालवणारा एक बाप अध्यक्ष झाला, कारण दोन्ही गटांना तो आपलाच वाटत होता. मी उपाध्यक्ष. नऊ कधीच वाजून गेले होते. बऱ्याच बायांचा अर्धा रोज गेला.

कामगिरीवरचे सर परत पाठवा, हा ठराव आम्ही तीनदा पाठवला. सर डिसेंबरात आले. चांगलं शिकवतात, हे मान्य करावं लागेल. पहिले दोन दिवस मुलं त्यांना पाहुणे समजत होती. संडासाला कडी लागली, 80 रुपयांची. गळक्या खोलीचा निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडायच्या मंजुरीचा, प्रस्ताव गेला, मोजमापं झाली, दुसऱ्या उन्हाळ्यात खोली पाडली. नवी अजून नाही. पहिली-दुसरी व्हरांड्यात बसते आणि पावसाची सर आली की सगळे तिसरीच्या वर्गात. त्या वर्षी व्हॅनमध्ये तरी दोघंच चढली, आणि सुरतेहून परतलेल्या एका घरातली दोन इकडे आली.

प्रोसिडिंग गुरुजीच लिहितात, सचिव तेच. पण सही करण्याआधी ते मोठ्याने वाचतात. एक सदस्य ताई अंगठा उठवते. ती आपलं नाव आलं की "परत वाचा" म्हणते, आणि गुरुजी परत वाचतात.

पुढच्या बैठकीचा अजेंडा कालच आला. तारीख मी आधी कालनिर्णयात पाहिली.