सरांची चिनी माती

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी पत्र आले आणि रसायनशास्त्राचे सरच आठवले. इतरांवर इतर लिहितीलच.

‘चिकणमातीतून वीज गेली की माती मुळातून बदलते,’ हे सर करून दाखवत. अर्धा किलो चिनी माती, 300 मिली ऊर्ध्वपातित पाणी, 12 सेंमी अंतरावर दोन कार्बनच्या कांड्या आणि 12 व्होल्ट. म्हणजे दर सेंटिमीटरला 1 व्होल्ट. काही तासांनी मातीत सामूदर्शक कागद खोचायचे (सामू म्हणजे pH: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली). धनाग्रापाशी, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीपाशी, पाण्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आम्ल मागे राहते, सामू 2-3 पर्यंत उतरतो. ऋणाग्रापाशी, म्हणजे ऋण टोकाच्या कांडीपाशी, हायड्रोजन सुटून अल्कली तयार होते आणि सामू 11 च्या आसपास चढतो. आम्ल आणि अल्कली यांची गाठ मध्यावर मात्र पडत नाही, ऋणाग्राच्या बाजूला सरकून पडते. आम्लाचे हायड्रोजन आयन (प्रभारित कण) अल्कलीच्या हायड्रॉक्साइड आयनांपेक्षा सुमारे पावणेदोन पट चपळ, शिवाय मातीतले पाणीही त्याच दिशेला वाहते. (हे वाहणे रॉइसने मॉस्कोत 1809 च्या सुमारास मांडले, हे सर न चुकता सांगत.)

आम्ल पुढे सरकते तसे कणांवरचे सोडियम, कॅल्शियम सुटतात, त्यांची जागा हायड्रोजन घेतो. फार आम्ल झाले तर खनिजातले अ‍ॅल्युमिनियमही विरघळते. कणांवरचा ऋण प्रभार घटला की पाण्याचा ओघ मंदावतो. धनाग्राकडची माती वाळून भेगाळते आणि विजेचा प्रवाह कमी होतो. दोष बॅटरीचा नसतो. तिथे थेंब थेंब पाणी द्यावे लागते.

एकदा कुणीतरी गुपचूप मीठ टाकले. अ‍ॅमीटरचा काटा उसळला, डबा तापला, क्लोरिनचा वास सुटला. सरांनी वीज तोडली, खिडक्या उघडल्या आणि रागावण्याऐवजी फळ्यावर क्लोराइडची अभिक्रिया लिहिली. पुढच्या वेळी धनाग्राला लोखंडी खिळा लावला. लोखंडच विरघळल्याने आम्ल कमी झाले. खिळ्याभोवतीची माती तांबूस आणि टणक झाली. मऊ जमीन घट्ट करताना हाच गुण कामी येतो. आज इमारतींच्या पायाखालच्या मातीवर काम करताना मला त्या खिळ्याइतका स्पष्ट धडा कुठल्याच जाड ग्रंथात सापडलेला नाही.

आता हा प्रयोग पडद्यावर दाखवतात म्हणे. पडद्यावर माती भेगाळत नाही! पुन्हा मांडलात तर चिमूटभर मोरचूद (तांब्याचे सल्फेट) जरूर मिसळा. तांबे ऋणाग्राकडे निघते, पण अल्कली भेटताच निळसर साका होऊन वाटेत अडकते. सर ऋणाग्रापाशी अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब सोडत, मग ते कांडीपर्यंत पोचे.