बाकीच्या रेषा गेल्या कुठे?

जुन्या व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा मला हाच प्रश्न असतो. पाल (PAL), म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत, तिचं चित्र ६२५ रेषांचं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. फाइल मात्र ५७६ रेषांची तयार होते. उरलेल्या ४९ कॅप्चर कार्डानं, म्हणजे टेपचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डानं, खाल्ल्या की काय?

नाही. त्या चित्रात कधी नव्हत्याच. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, खरा हिशेब ४९चा नाही, ५०चा आहे.

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेषा ओढत खाली उतरतो. तळाला पोचला की त्याला परत वर जायचं असतं. झोत वळवणाऱ्या कॉइलमधला प्रवाह एका क्षणात उलटा करता येत नाही, त्यामुळे या परतीला वेळ लागतो. तेवढ्यात झोत बंद ठेवला नाही, तर परतीची वाट तिरक्या रेघांनी पडद्यावर उमटेल. म्हणून सिग्नलमध्येच ‘आता काळं’ अशी सोय केलेली असते. ती व्हर्टिकल ब्लँकिंग.

एक फ्रेम दोन फील्डांत काढली जाते, आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या. दर फील्डमागे २५ रेषांचा वेळ, म्हणजे १.६ मिलिसेकंद, या परतीसाठी राखलेला. दोन फील्डांच्या मिळून ५० रेषा गेल्या, उरल्या ५७५.

मग ५७६ कुठून आल्या? इथे मला या पद्धतीची खरी गंमत वाटते. एक फील्ड ३१२.५ रेषांचं असतं. ती अर्धी रेषा मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यामुळेच दुसऱ्या फील्डच्या रेषा पहिल्या फील्डच्या बरोबर मधे बसतात. (६२५ हा आकडा विषम आहे तो त्यासाठीच.) त्यामुळे चित्रातही दोन रेषा अर्ध्याच आहेत: २३व्या रेषेचा उत्तरार्ध आणि ६२३व्या रेषेचा पूर्वार्ध. डिजिटल पद्धतीत त्या दोन्ही पूर्ण धरल्या आणि आकडा ५७६ झाला. फाइलमधली सगळ्यात वरची रेषा मोठी करून बघा, पुष्कळदा तिचा डावा अर्धा भाग काळा सापडतो.

त्या ५० रेषा डोळ्यांनी पाहायच्या असतील, तर जुना टीव्ही आठवा. चित्र उभ्या दिशेनं स्थिर धरणारा व्हर्टिकल होल्ड बिघडला की चित्र वर-वर पळायचं आणि दोन चित्रांच्या मधे जाड काळी पट्टी दिसायची. ती पट्टी म्हणजेच या रेषा. पुढे त्यांतल्या काही रेषांवर टेलिटेक्स्टची (टीव्हीवर वाचायच्या मजकुराची) पानं आणि चाचणी सिग्नल पाठवले जाऊ लागले. रिकामी जागा इंजिनिअर फार दिवस रिकामी ठेवत नाहीत. टेपच्या फाइलमध्ये अगदी तळाला जी वेडीवाकडी पट्टी दिसते, तिचा मात्र याच्याशी संबंध नाही. व्हीसीआर टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातो त्याची ती खूण. टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची.

मला नवल याचं वाटतं, की ४९ रेषांचा हिशेब सगळे मागतात, पण प्रत्येक रेषेतून किती कापलं जातं ते कुणीच विचारत नाही. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. त्यातले ५२ चित्राचे. उरलेल्या १२मध्ये आधी दीडेक मायक्रोसेकंदाचा फ्रंट पोर्च (सिंकच्या आधीचा काळा तुकडा), मग ४.७ मायक्रोसेकंदांचा सिंक पल्स, जो काळ्याच्याही ०.३ व्होल्ट खाली जातो आणि ‘रेषा संपली, मागे फिर’ एवढंच सांगतो. त्यामागून येणाऱ्या काळ्या तुकड्यावर, म्हणजे बॅक पोर्चवर, रंग ओळखायला संदर्भ देणारा कलर बर्स्ट बसवलेला, साधारण दहा आवर्तनांचा. उभ्या परतीत ८ टक्के वेळ जातो, तर आडव्या परतीत जवळपास १९ टक्के. दोन्ही मिळून टीव्ही चालू असतानाचा चौथा हिस्सा वेळ झोत काहीच काढत नसतो.

झोत गेला, ट्यूब गेली, तरी ब्लँकिंग गेलेलं नाही. एचडीएमआयच्या १०८० रेषांच्या चित्रात मोजायला गेलात तर एकूण ११२५ रेषा भरतात, आणि केबलमधून येणारा आवाज त्या न दिसणाऱ्या वेळातच पाठवलेला असतो.